एकाच कारखान्यात विंडोज आणि लिनक्स दोन्ही चालवणं परवडतं का? (४२ मशीनं, उद्यमबाग)

उद्यमबागकर

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत एका कास्टिंग आणि मशिनिंगच्या कारखान्यात मी सिस्टीम बघतो. सिस्टीम म्हणजे सगळंच आलं. लॅन, प्रिंटर, सीसीटीव्ही, टॅलीचा बॅकअप, कुणी पासवर्ड विसरला तरी मीच. हाताखाली एक पोरगा आहे, डिप्लोमा करून आलेला. आम्ही दोघं आणि ४२ मशीनं, म्हणजे कॉम्प्युटर.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मी आधीपासून मालकांच्या कानावर घालत होतो, पण ऑर्डरींच्या गडबडीत ते मागं पडलं. परवा एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑडिटमध्ये प्रश्न आला, सपोर्ट संपलेली मशीनं किती? मालकांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "आठ दिवसांत हिशेब दे. किती पैसे लागतात आणि काम कुठे अडतं, दोन्ही लिहून."

४२ ची फोड अशी. १५ मशीनं आठव्या पिढीच्या किंवा त्यापुढच्या प्रोसेसरची, त्यांच्यावर विंडोज ११ चढतं. १८ मशीनं जुनी, चौथ्या ते सातव्या पिढीची. चालतात झकास, पण विंडोज ११ त्यांना घेत नाही. कुठे टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, कुठे प्रोसेसर यादीत नाही. जुगाड करून चढवता येतं हे मला ठाऊक आहे, पण तशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, म्हणजे ऑडिटला तोच प्रश्न परत. ५ मशीनं यंत्रांना जोडलेली: स्पेक्ट्रो (धातू तपासायचं यंत्र), सीएमएम (मापं घ्यायचं यंत्र), दोन व्हीएमसींना (मशिनिंग सेंटरांना) प्रोग्राम पाठवणारी आणि वजनकाट्याचं. २ मॅक, मालकांचं आणि मार्केटिंगचं. २ सर्व्हर.

जुनी १८ कुठे आहेत तेही सांगतो. अकाउंट्सला ४, क्वालिटीच्या एन्ट्रीला ४, स्टोअरला ३, डिस्पॅचला ३, गेटवर २, टाइम ऑफिसला २.

मालकांच्या पुण्यातल्या पुतण्याचं म्हणणं, सगळीकडे लिनक्स टाका, फुकट आहे. सीए साहेबांचं म्हणणं, सगळी नवी विंडोज घ्या, डोक्याला ताप नको. मला दोन्ही पटत नाही. मधला रस्ता काढला तर तो पुढे महागात पडेल का, हे ज्यांनी केलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

टिळकवाडीची अकाउंटंट

दादा, अकाउंट्सच्या चार टेबलांना हात लावू नका, एवढं आधी सांगते.

टॅली विंडोजवरच चालतं. लिनक्सवर वाइनमधून (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायची सोय) चालवणारे लोक आहेत, मी पाहिलेत. महिनाभर चालतं, मग टॅलीची नवी रिलीज येते आणि प्रिंट किंवा एक्सपोर्ट अडतो. तेही नेमकं ११ तारखेला, जीएसटीआर-१ च्या, म्हणजे विक्रीच्या रिटर्नच्या, शेवटच्या दिवशी.

दुसरं डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, टोकन. प्रायव्हेट लिमिटेडला जीएसटीवर डिजिटल सहीच लागते, ओटीपीवर भागत नाही. जीएसटीच्या सहीचं सॉफ्टवेअर लिनक्ससाठीही आहे, टोकनचे ड्रायव्हरही मिळतात. पण एमसीएचे (कंपनी मंत्रालयाचे) फॉर्म डाउनलोड करून पीडीएफवर सही करावी लागते आणि अडोबीचा रीडर लिनक्सला कधीच बंद झालाय. म्हणून आमच्याकडे "सहीचं मशीन" वेगळं ठेवलंय. विंडोज, स्वच्छ, त्यावर दुसरं काही नाही. सगळे संचालक तिथेच येऊन सही करतात. टोकन कुठे आहे हे शोधत फिरावं लागत नाही, हा आणखी एक फायदा.

बाकी स्टोअर, गेट वगैरे तुमचं तुम्ही बघा. माझ्याकडे येणारी एक्सेल नीट उघडली म्हणजे झालं.

शिरोलीकर

कोल्हापुरातून लिहितोय. आमच्याकडे पूर्ण लिनक्सचा प्रयोग झाला होता, म्हणून मनापासून सांगतो.

आमचं लिनक्स बिघडलं म्हणून कधी अडलं नाही. अडलं ते बाहेरून येणाऱ्या फायलींवर. वाहन कंपन्यांचे पीपीएपीचे (पार्ट मंजूर करून घ्यायचे) फॉरमॅट एक्सेलमध्ये येतात, आत मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा), लॉक केलेले सेल, ड्रॉपडाउन. लिनक्सवरच्या लिब्रेऑफिसमध्ये फाइल उघडते, दिसतेही बरोबर, भरून पाठवली की गिऱ्हाइकाकडे त्यांचा मॅक्रो चालत नाही. आणि गिऱ्हाइकाला आपण "तुमचा फॉरमॅट बदला" म्हणू शकत नाही. क्वालिटीचे जे लोक गिऱ्हाइकाशी थेट फायली देतात-घेतात, त्यांना विंडोज आणि खरं एक्सेल द्या. आत आकडे भरणाऱ्यांना लिनक्स चालतं.

दुसरी चूक आमची स्वतःची. आम्ही जसजशी मशीनं रिकामी झाली तसतसं लिनक्स टाकत गेलो. स्टोअरमध्ये दोन विंडोज, एक लिनक्स. दिवसपाळीचा स्टोअरकीपर एकावर बसायचा, रात्रपाळीचा दुसऱ्यावर, आणि कुणी रजेवर गेलं की अदलाबदल. रोज फोन. "माझी फाइल कुठे गेली?" "प्रिंट कुठून द्यायची?" शेवटी वैतागून सगळं परत विंडोजला नेलं आणि बदनाम झालं लिनक्स.

नंतर दोन वर्षांनी परत केलं, पण विभागच्या विभाग. स्टोअर म्हणजे पूर्ण लिनक्स, रात्रपाळीसकट. तेव्हापासून फोन नाहीत. एका खोलीत दोन प्रकार ठेवू नका अण्णा, एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं.

खानापूर रोड कॉम्प्युटर्स

अण्णा, दुकानदार म्हणून बोलतो, रागवू नका. बेळगावात निम्म्या हापिसात विंडोज क्रॅकची असत्यात. लोक येऊन सांगत्यात, "टाकून दे की ओ, कोण बघतंय?" मी टाकत नाही. पाच वर्षांमागं एका गिऱ्हाइकाकडे लायसन्सची चौकशी करणारं पत्र आलं, त्या माणसाचा चेहरा मी बघितलाय. तेव्हाच सोडलं.

तुमच्या १५ मशिनांवर जे विंडोज आलंय ते बहुतेक ओईएम असणार. ते त्याच मशीनला चिकटलेलं असतंय. मदरबोर्ड गेला की लायसन्स गेलं. जुन्या मशीनचं काढून नव्याला लावू म्हणत असाल तर ते होत नाही. लॅपटॉपवर होम आलंय का प्रो तेपण बघा. होम डोमेनला, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन एका सर्व्हरवरून चालवायच्या सोयीला, जोडता येत नाही.

आणि १८ जुन्या मशिनांत एसएसडी आणि ८ जीबी रॅम घाला. लिनक्स टाका नाहीतर काय टाका, हार्ड डिस्कवर बसलेला माणूस शिव्याच देणार.

ड्रॉइंग रूम

मी व्हीटीयूतून मेकॅनिकल करून गेली नऊ वर्षं डिझाइनमध्ये आहे. सॉलिडवर्क्स विंडोजवरच, मास्टरकॅमही विंडोजवरच. ऑटोकॅड विंडोज आणि मॅकवर आहे, लिनक्सला नाही. फ्रीकॅडची १.० आवृत्ती २०२४ च्या नोव्हेंबरात आली आणि ती खरंच चांगली आहे, फिक्श्चरचं छोटं काम मी त्यात करते. पण गिऱ्हाइकाचं मॉडेल फीचर ट्रीसकट (ते बनवायच्या पायऱ्यांसकट) उघडायचं तर मूळ सॉफ्टवेअरच लागतं. तेव्हा आमची खोली विंडोज, यावर चर्चा नको.

पण आमच्याकडे दोन्ही एकत्र असताना काय झालं ते सांगते, कारण हे कुठल्याही कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं.

ड्रॉइंगच्या पीडीएफ लिनक्सच्या सर्व्हरवर. आम्ही विंडोजवरून टाकायचो, क्वालिटीचा मुलगा सर्व्हरवर थेट लिनक्सवरून. विंडोजला फाइलच्या नावातली कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं एकच वाटतात, लिनक्सला ती दोन वेगळी नावं. एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग रिव्हिजन सी म्हणून कॅपिटल नावाने होतं. नवी रिव्हिजन डी त्याने स्मॉल अक्षरांत तेच नाव देऊन ठेवली. लिनक्सवर दोन फायली. विंडोजवर यादीत दोन्ही दिसत होत्या, पण कुठलीही उघडली तरी एकच उघडत होती, आणि ती जुनी होती. फ्लोअरवर जुनं ड्रॉइंग छापून गेलं. एका होलचं अंतर अडीच मिलिमीटरनं बदललेलं. २६ नग झाले तेव्हा इन्स्पेक्टर काकांनी गेज लावला आणि बसेना म्हणून थांबवलं.

ते २६ नग माझ्या टेबलाजवळ रॅकवर बरेच दिवस होते. रोज दिसायचे.

तेव्हापासून नियम केला: फाइलचं नाव सगळं कॅपिटल, मध्ये स्पेस नाही, आणि रिव्हिजन नावातच. कोलन, प्रश्नचिन्ह वगैरे नावात टाकायचं नाही, लिनक्स ते चालवून घेतं पण विंडोजला ती फाइल नीट दिसत नाही. आणि सर्व्हरवर थेट कुणी काम करायचं नाही. विंडोज असो की लिनक्स, सगळ्यांनी एकाच सांबा शेअरमधून यायचं. सांबा म्हणजे लिनक्स सर्व्हरवरच्या फायली विंडोजलाही देणारा प्रोग्राम.

निपाणीचे नाना

मी आता निवृत्त आहे. तीस वर्षं पुण्या-बेंगळुरूला मोठ्या कंपन्यांचं कॉम्प्युटरचं काम पाहिलं. उद्यमबागकर, तुमची फोड वाचून बरं वाटलं. बहुतेक लोक मशीनं न मोजताच निर्णय घेतात.

पैशाचं आधी बघू. मायक्रोसॉफ्ट विंडोज १० ला पैसे घेऊन अपडेट देतं. कंपन्यांसाठी पहिल्या वर्षी एका मशीनला ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४. दुसऱ्या वर्षापासून घेतो म्हटलं तरी पहिल्याचे भरावेच लागतात. तीन वर्षांचे ४२७ डॉलर झाले. डॉलर ८५ रुपयांनी धरला तरी एका मशीनमागे ३६ हजारांच्या वर जातं, आणि तीन वर्षांनी हातात तेच जुनं मशीन. एखादं वर्ष तग धरायला हे ठीक आहे, त्यापुढे नाही.

आता जिथे लोक फसतात ते सांगतो. तुमचा मुख्य सर्व्हर विंडोज सर्व्हर असेल तर त्याच्याशी बोलणाऱ्या प्रत्येक माणसाला किंवा मशीनला कॅल, म्हणजे सर्व्हर वापरायचं लायसन्स, लागतं. समोरचं मशीन लिनक्स असलं म्हणून कॅल माफ होत नाही. फायली विंडोज सर्व्हरवरच ठेवल्या आणि १४ टेबलं लिनक्स केली तर सर्व्हरच्या कॅलचा एक रुपया वाचत नाही. वाचवायचं असेल तर फायलीही लिनक्सवर, सांबावर न्या. सांबा ४.० पासून, म्हणजे २०१२ पासून, तो डोमेन कंट्रोलर म्हणूनही उभा राहतो.

लिनक्सच्या टेबलावरून टॅली बघायचं असेल तर विंडोज सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप ठेवा. त्याला नेहमीच्या कॅलवर आणखी आरडीएस, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं, कॅल लागतं. ते न घेताही १२० दिवस चालतं. दुकानदार बसवून जातो, सगळे खूश, आणि १२१ व्या दिवशी सकाळी कुणालाच आत जाता येत नाही. टॅलीचं लायसन्सही मल्टियुजर गोल्ड हवं.

आणि खरा खर्च माणसाच्या तासांचा. २०१६ साली आयबीएमने जाहीर सांगितलं होतं की चार वर्षांत एका मॅकमागे २७३ ते ५४३ डॉलर वाचतात. मॅक विकत घेताना महाग, तरी हा हिशेब, कारण मदतीसाठी येणारे फोन कमी झाले. उलट बाजूला जर्मनीतलं म्युनिक शहर. २००३ मध्ये पालिकेने लिनक्सचा निर्णय घेतला, दहा वर्षांत सुमारे १५ हजार मशीनं तिकडे नेली, आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचं ठरवलं. तिथे राजकारण होतं हे खरं, पण काही खास प्रोग्राम शेवटपर्यंत विंडोजवरच राहिले आणि बाहेरच्या कार्यालयांच्या फायलींची कटकट संपली नाही, हेही खरं. शिरोलीकरांनी जे लिहिलंय तेच, फक्त १५ हजार मशिनांवर.

एकच विनंती. महिनाभर वही ठेवा. कोण बोलावतं, कशासाठी, किती मिनिटं. मालकांना ती वही दाखवा.

उद्यमबागकर

नाना, वही आजपासून सुरू. कॅलचं माझ्या डोक्यातच नव्हतं. सर्व्हरची जागा मी कोटेशनमध्ये रिकामी सोडली होती, तिथेच पैसे गेले असते.

आता माझी एक चूक सांगतो. आमच्या क्वालिटीतल्या एका मशीनवर मी मागच्या वर्षी दोन्ही टाकलं होतं, ड्युअल बूट. वाटलं, एकाच मशीनवर दोन्ही, म्हणजे खर्च वाचला. टेस्ट सर्टिफिकेट छापायचा प्रोग्राम विंडोजवर, बाकी वेळ लिनक्स.

मशीनच्या आत जे बॅटरीवरचं घड्याळ असतं ना, विंडोज ते आपल्या वेळेने धरतं, लिनक्स ते ग्रीनिचच्या वेळेने धरतं. लिनक्स बंद करून विंडोज उघडलं की घड्याळ साडेपाच तास मागे. इंटरनेट असलं तर ते थोड्या वेळाने सुधारतं. आमच्या त्या मशीनला मुद्दाम इंटरनेट दिलेलं नव्हतं.

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सॅम्पल लागलं. सर्टिफिकेटवर छापलं गेलं २ वाजून ४०. ऑडिटर शांत माणूस. त्यांनी मेल्टिंगचं रजिस्टर शेजारी ठेवलं, हीट नंबरवर बोट ठेवलं आणि विचारलं, "फर्नेस सहाला चालू झाली. सॅम्पल पावणेतीनला कसं तपासलं?" मेटलर्जीच्या मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्या कामात कधी खोटं लिहीत नाहीत, आणि त्या दिवशी त्यांच्या सहीवर संशय आला, माझ्यामुळे. लिनक्सला घड्याळ स्थानिक वेळेने धरायला सांगणारी एक ओळ असते. ती मी टाकली नव्हती.

तीन दिवस बसून सगळी सर्टिफिकेटं रजिस्टरशी जुळवून दिली. ड्युअल बूट त्याच संध्याकाळी काढलं.

निपाणीचे नाना

घड्याळ ही क्षुल्लक गोष्ट नाही, हे लिहिलंत ते बरं केलंत. डोमेनवर लॉगिन करताना सर्व्हर आणि मशीन यांच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला तर लॉगिनच होत नाही. शिवाय सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे. सगळ्या सिस्टीमची वेळ एनटीपीला (नेटवर्कवरून वेळ जुळवायच्या सोयीला) जुळलेली हवी, लॉग, म्हणजे सिस्टीमच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे, आणि सायबर घटना घडली तर सहा तासांत कळवायची. विंडोजचे लॉग एका जातीचे, लिनक्सचे दुसऱ्या, मॅकचे तिसऱ्या. सगळे एका जागी गोळा करायची सोय आधी करा.

ड्युअल बूटला दुसराही धोका आहे. विंडोज पूर्ण बंद होत नाही, फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्सवरून त्या डिस्कवर लिहिता येत नाही.

वडगावची

मी एका कंपनीत टाइम ऑफिस आणि एचआर बघते. सगळं छान चाललंय, पण आमचं कुणी विचारलंच नाही म्हणून लिहिते.

आमच्याकडे कामगार अर्धे खानापूर आणि बेळगाव तालुक्यातले, काही चंदगडहून सीमा ओलांडून रोज येतात. नोटीस बोर्डावर मराठी लावावी लागते, कन्नड लावावी लागते. कामगार खात्याला पत्र कन्नडमधून. ही पत्रं नुडी या कन्नड सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली, वर्षानुवर्षांची. मराठीच्या जुन्या फायली श्री-लिपीच्या, काही शिवाजी फॉन्टच्या. लिनक्स मशीनवर उघडल्या तर सगळी चित्रविचित्र अक्षरं. एका कामगाराच्या ग्रॅच्युइटीचं २००९ चं पत्र मला दोन तास शोधावं लागलं, कारण उघडलेली फाइल कुठली हेच वाचता येईना. तो माणूस बाकावर बसून होता.

माझी कन्नड शाळेत शिकलेली, बोट नुडीच्या कीबोर्डवर बसलेलं. लिनक्सवर तो मिळतो का?

उद्यमबागकर

ताई, मिळतो. मी आत्ताच बसवून बघितला. नुडीचा जो कीबोर्ड आहे, कन्नड गणक परिषदेचा, तो लिनक्समध्ये केजीपी किंवा कगप नावाने असतो. आयबसमध्ये (लिनक्सवर भाषा बदलायची सोय) एम१७एन हा कीबोर्डांचा संच टाकलं की यादीत येतो. मराठीला इनस्क्रिप्ट आहेच. तिन्ही भाषा एका बटणाने बदलतात. टाइप करायला अडचण नाही.

अडचण जुन्या फायलींची. त्यात खरी कन्नड किंवा मराठी अक्षरं नाहीतच, इंग्रजी अक्षरांना त्या फॉन्टने चेहरा दिलेला आहे. तो फॉन्ट लिनक्सवर टाकला तर वाचता येतं, पण शोधता येत नाही. कायमचा उपाय म्हणजे सगळ्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, बदलून घेणं. हे काम विंडोजवर राहिलात तरी कधीतरी करावंच लागणार आहे. तोवर टाइम ऑफिसचं एक मशीन विंडोजच असू द्या.

तुमच्या पोस्टमुळे माझी यादी बदलली. टाइम ऑफिसची दोन मशीनं मी लिनक्समध्ये धरली होती.

खानापूर रोड कॉम्प्युटर्स

यंत्रांना जोडलेल्या पाच मशिनांचं काय करालाय अण्णा? त्यावर विंडोज एक्सपी असणार बगा.

उद्यमबागकर

स्पेक्ट्रोवर एक्सपीच आहे. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. यंत्र उत्तम चालतं, त्याचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही, आणि नव्या यंत्राची किंमत मालकांना सांगायची माझी हिंमत नाही.

एक्सपीला फायली शेअर करायची जुनी एसएमबी १ पद्धतच येते. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस ह्याच वाटेने पसरला, म्हणून आता विंडोज आणि सांबा दोघंही ती बंद ठेवतात. आपण सर्व्हरवर ती चालू केली तर ४२ मशिनांसाठी दार उघडलं.

म्हणून मध्ये एक छोटं लिनक्स मशीन ठेवलं, दोन लॅन कार्डांचं. एक कार्ड फक्त स्पेक्ट्रोकडे, दुसरं कारखान्याच्या लॅनकडे. स्पेक्ट्रो आपले रिझल्ट त्याच्याकडे जुन्या पद्धतीने टाकतं, ते दर मिनिटाला उचलून सर्व्हरवर नव्या पद्धतीने ठेवतं. आतून बाहेर जातं, बाहेरून आत काही जात नाही. भंगारात निघालेल्या मशीनवर हे उभं केलं. लिनक्सचा ह्या कारखान्याला सगळ्यात मोठा उपयोग कुठला असं कुणी विचारलं तर मी हे मशीन दाखवीन.

व्हीएमसीची दोन आणि वजनकाटा यांना विंडोज १० ची आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१ आवृत्ती बघतोय. तिला २०३२ च्या जानेवारीपर्यंत अपडेट आहेत. सीएमएमवाल्यांचं उत्तर यायचं आहे.

उद्यमबागकर

(तीन महिन्यांनी)

धागा वर काढतोय, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत आणि पुढे काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

मालकांनी हिशेब मान्य केला. अकाउंट्सला चार नवी विंडोज मशीनं आली, जुनी चार पार्टसाठी काढली. गेट, स्टोअर, डिस्पॅच पूर्ण लिनक्स. क्वालिटीची चारही जुनी लिनक्स, ती सगळी आतल्या एन्ट्रीच्या खोलीत. गिऱ्हाइकाशी फायली देणारे दोघं शेजारच्या खोलीत विंडोजवर. खोली बदलली, मगच सिस्टीम बदलली. टाइम ऑफिसला दोन्ही विंडोज, त्यासाठी ड्रॉइंग रूममधली दोन जुनी पण विंडोज ११ चढणारी मशीनं तिकडे गेली आणि ड्रॉइंग रूमला नवी आली. म्हणजे जुन्या १८ पैकी १२ वर लिनक्स. फायली सांबावर गेल्या, विंडोज सर्व्हर फक्त टॅलीसाठी उरला, आरडीएस कॅल मोजून पाच घेतली.

वही सांगते ती अशी. पहिल्या महिन्यात लिनक्सच्या टेबलांवरून ४७ वेळा बोलावणं आलं. त्यातलं निम्म्याहून जास्त डिस्पॅचमधून, आणि सगळं एकाच कारणाने: चलनाचा डॉट मॅट्रिक्स. लिनक्स प्रत्येक पान चित्र करून पाठवायचं. एक चलन छापायला दीड-दोन मिनिटं, आणि हळूहळू ओळ सरकत जायची. दहाव्या चलनाला माल पाठवायचा पत्ता गाडी नंबरच्या चौकटीत. बाहेर ट्रकवाले हॉर्न देत उभे. डिस्पॅचचे मामा मला म्हणाले, "तम्मा, जुनं होतं ते काय वाईट होतं?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पोरग्याने शोधून काढलं. प्रिंटरची दुसरी रांग केली, तिच्यात चित्र न करता नुसती अक्षरं जातात, प्रिंटर स्वतःच्या फॉन्टने छापतो. कागदाची लांबी १२ इंच पक्की सांगितली. आता चलन पाच-सहा सेकंदांत. मराठी-कन्नड अक्षरं या रांगेतून जात नाहीत, पण चलन इंग्रजीत असतं. ई-वे बिल ब्राउझरमध्येच, त्याला काहीच अडलं नाही.

दुसऱ्या महिन्यात १९, तिसऱ्यात ८. त्या आठात तीन पासवर्डचे. विंडोजच्या टेबलांवरची बोलावणी तिन्ही महिने साधारण तेवढीच राहिली.

काय जमलं नाही तेही लिहितो. मालकांचं मॅक अजून वेगळंच राहिलंय. त्यांना टॅली बघायला रिमोट दिलंय, पण सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये मॅकने टाकलेल्या लपलेल्या छोट्या फायली विंडोजवाल्यांना दिसतात आणि ते त्या उघडायला बघतात. आणि पोरग्याला दुसऱ्या कंपनीने बोलावलंय. तो गेला तर प्रिंटरची ती रांग काय आहे हे समजणारा मी एकटा उरतो. गेल्या रविवारी त्याला बसवून सगळं मराठीत लिहून काढलं, स्क्रीनचे फोटो लावून. ३१ पानं झाली. त्याचा पगार वाढवा म्हणून मालकांना सांगितलंय, आणि कारण म्हणून वाचलेल्या पैशांचा कागद पुढे ठेवलाय.

शिरोलीकर

खोली बदलली मग सिस्टीम बदलली, हे वाचून आनंद झाला. मॅकच्या लपलेल्या फायलींना सांबात सोय आहे. शेअरच्या सेटिंगमध्ये फ्रूट नावाचं मॉड्यूल चालू करा आणि त्या नावांच्या फायली न दाखवायची यादी द्या.

वडगावची

ती ३१ पानं मला मिळतील का? कंपनीची नावं, पासवर्ड काढून. आमच्याकडेही असंच एकट्या माणसावर चाललंय.

उद्यमबागकर

देतो ताई, आठवडाभरात साफ करून पाठवतो.

येत्या रविवारी स्पेक्ट्रोच्या एक्सपी मशीनची हार्ड डिस्क क्लोन करणार आहे. ४० जीबीची, आयडीई या जुन्या जोडणीची डिस्क आहे, आवाज करायला लागलीय, आता थांबून चालणार नाही. बेळगावात कुणाकडे चालू अवस्थेतली आयडीई ते यूएसबी केबल आहे का? माझी वीज गेली तेव्हा उडाली.

खानापूर रोड कॉम्प्युटर्स

आहे की ओ, दोन आहेत. तिसऱ्या गेटजवळ दुकान, शनिवारी आठपर्यंत उघडं असतंय. त्याच साइजची एक आयडीई डिस्कपण ठेवलीय, तीपण घेऊन जावा. आणि क्लोन करताना मशीनला यूपीएस लावा बगा.